‘कळकणे’ विसरलेल्यांची बाटली

चर्चासत्राला जाणाऱ्या प्राध्यापकाला पूर्वी शाल आणि श्रीफळ मिळे. पुढे त्या जागी रेक्झिनची पिशवी, वही आणि न उमटणारे पेन आले. अलीकडे बाटली मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये कोकणातल्या एका महाविद्यालयात भरलेल्या तीन दिवसांच्या चर्चासत्रात आम्हा दोघांना आणि आणखी साठेक जणांना तांब्याची एकेक बाटली देण्यात आली. बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवलेली होती : ‘१०० टक्के शुद्ध तांबे. आरोग्यासाठी सुरक्षित. आपल्या पूर्वजांचे विज्ञान.’ चर्चासत्राचा विषय होता बोलीभाषांतील लोकज्ञान. प्रस्तुत लेखाचा विषय ती बाटली हा आहे. पण चर्चासत्राचा विषयही लेखात मागल्या दाराने शिरणार आहे, त्याला आमचा इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या किल्ल्यावर सहल होती. भोजनाची व्यवस्था गावातल्या महिला बचत गटाकडे होती आणि निघतेवेळी त्यांनी स्टीलच्या पिंपात कोकम सरबत तयार ठेवले होते. नव्या बाटल्या घेऊन सगळे पिंपापाशी जमले. तेव्हा गटातल्या एका मावशींनी आमच्यापैकी एकाला हटकले : “त्या बाटलीत सरबत नका भरू सर, कळकेल ते. बाटलीत पाणी न्या, सरबत इथंच प्या.” ज्याला हटकले त्याने वही काढली आणि ‘कळकणे’ हे क्रियापद तारीख आणि गावाचे नाव घालून टिपून घेतले. मग त्याने बाटलीत सरबत भरले.

सकाळी आठला भरलेले सरबत दुपारी बाराच्या उन्हात, किल्ल्यावर पोचल्यावर पिण्यात आले. त्यानंतर तासाभरात नऊ जणांना मळमळू लागले, काहींना उलट्या झाल्या. आमच्यातला वहीवाला त्यांत होता. कोणाचेही फार बिघडले नाही. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. मात्र त्याच संध्याकाळी आयोजकांनी ‘जेवणातून बाधा’ असा निष्कर्ष काढला. तिसऱ्या दिवसाचे काम बचत गटाकडून काढून घेण्यात आले आणि त्यांच्या बिलातली काही रक्कम चौकशी होईपर्यंत अडवण्यात आली. चौकशी झाली नाही.

आम्ही नंतर त्या नऊ जणांपैकी आठ जणांशी फोनवर बोललो. आठही जणांनी तांब्याच्या बाटलीतले सरबत दुपारी प्यायले होते. ज्यांनी बाटलीत पाणी भरले होते, ज्यांनी सरबत भरून पायथ्याशीच संपवले होते, आणि ज्यांनी ते पिंपावरच पेल्यातून घेतले होते (गाडीचे चालक आणि स्वयंसेवक विद्यार्थी, त्यांना बाटल्या मिळाल्याच नव्हत्या), त्यांच्यापैकी कोणालाही काही झाले नाही. सकाळचा उपमा सर्वांनीच खाल्ला होता. हा पुरावा न्यायालयात टिकेल असा आमचा दावा नाही. बाटल्यांतले उरलेले सरबत किल्ल्यावरच ओतून टाकले गेले, ते कोणी तपासले नाही. पण उपमा करणाऱ्या बायकांवर संशय घ्यायला जेवढा आधार होता, त्याहून हा आधार पुष्कळ मोठा आहे. बाटलीवर संशय घ्यावा असे त्या संध्याकाळी साठ उच्चशिक्षितांपैकी एकालाही सुचले नाही, कारण बाटलीवर ‘सुरक्षित’ असे छापलेले होते. जेवणावर तसे काही छापलेले नव्हते.

आमचे म्हणणे असे की, ‘कोणत्या पदार्थाची बाटली सुरक्षित?’ हा आज घरोघरी, स्टाफरूममध्ये आणि पालकसभांत चघळला जाणारा प्रश्न अर्धवट आहे, आणि त्याचे अर्धवटपण आपल्या भाषेला केव्हाच कळलेले होते. ‘सुरक्षित’ हे विशेषण एकट्या बाटलीला चिकटते. ‘कळकणे’ हे क्रियापद तसे नाही. ते घडायला तीन गोष्टी लागतात : तांब्या-पितळेचे भांडे, त्यात ठेवलेला आंबट पदार्थ, आणि दोघांनी एकत्र काढलेला वेळ. ताक कळकते, आमटी कळकते, लिंबाचे सरबत कळकते. भांडे कळकत नाही. भांडे तेच असते, त्यात काय ठेवले आणि किती वेळ ठेवले यावर सगळे अवलंबून असते. मोल्सवर्थच्या कोशात हे क्रियापद आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात ते चांगलेच रुळलेले होते. ‘कलंक’ या शब्दाशी त्याचे नाते असावे असे वाटते. आमच्या आज्या ते रोज वापरत. आमच्या आया कधीमधी. आमच्या वर्गातल्या एकशे दहा विद्यार्थ्यांपैकी यंदा चौघांना ते ठाऊक होते. त्यांतल्या तिघांच्या घरी अजून पितळेची भांडी आहेत.

तांब्याच्या बाटलीचे समर्थक ‘पूर्वज’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. कोणते पूर्वज? तांब्याच्या हंड्यात पाणी साठवणारे पूर्वज होते, हे खरेच. त्यात तथ्यही आहे. तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यात उतरतात आणि ते जिवाणूंना मारक ठरतात. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले पटकीचे आणि जुलाबाचे जिवाणू नाहीसे झाले होते, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होते. ही मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. साध्या, स्वच्छ पाण्यासाठी रात्रभर तांब्याचे भांडे वापरायला आमचा काडीचाही विरोध नाही.

पण तेच पूर्वज ताक तांब्यात ठेवत नसत. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, मीठही बरणीतच, आंबट काही करायचे तर दगडी भांडे किंवा कल्हईचे पातेले. आंघोळीच्या पाण्याचा बंब तांब्याचा, पण स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई. अरबी-फारसीतून आलेला हा ‘कल्हई’ शब्द ज्या धातूचा आहे तो कथील. भांडे निखाऱ्यावर तापवायचे, नवसागर टाकायचा, धुराचा लोट उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सर्वत्र पसरवायचे. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला आला की त्याच्याभोवती पोरांचा घोळका जमे. नवसागराचा तो वास आणि पाण्यात बुडवलेल्या भांड्याचा चर्र आवाज आमच्या पिढीला अजून आठवतो. आम्ही त्यावर ललित निबंध लिहिले, परीक्षेला घातले. त्या कल्हईवाल्याला पैसे देऊन घरची बाई नेमके काय विकत घेत होती, हे मात्र त्या निबंधांत कोठेच आलेले नाही. ती अन्न आणि तांबे यांच्यामध्ये एक पडदा विकत घेत होती. पूर्वजांचे विज्ञान म्हणायचे तर ते तांब्यात होते तितकेच तांब्यापासून अन्न वाचवण्यातही होते. बाटलीच्या चिठ्ठीवर त्यातले अर्धेच छापले गेले.

या दुसऱ्या अर्ध्याची किंमत काय असते हे सांगणारा एक अध्याय तर आपल्या पुण्यातच लिहिला गेला आहे. विसाव्या शतकात भारतात लहान मुलांना होणारा यकृताचा एक आजार होता. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावाने तो वैद्यकाला ठाऊक होता. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले, आणि त्यांतले बहुसंख्य दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी स्टुअर्ट टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांसमवेत त्याचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असे. त्यांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असे. आणि ते दूध तांब्याच्या वा पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेले किंवा ठेवलेले असे. दुधातले प्रथिन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे पाण्याला जे सोसते ते दुधाला सोसत नाही. घरोघरी ही भांडी जाऊन स्टील आले, आयांना सल्ला मिळू लागला, आणि तो आजार दुर्मीळ झाला. केवळ तांबेच कारण की काही मुलांत जन्मजात प्रवृत्तीही असे, यावर तज्ज्ञांत चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु भांडी बदलली आणि मुले वाचली, हे त्या चर्चेने बदलत नाही.

तांब्याच्या बाटलीतले पाणी पिऊन कोणाला यकृताचा आजार होईल, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हाही चिठ्ठीवरच्या भाषेचाच दुसरा प्रकार ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की ‘पूर्वजांचे विज्ञान’ हे शब्द ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांनी त्या पूर्वजांची कल्हई कधी थांबली, का थांबली, आणि थांबल्यावर कोणाच्या पाळण्यात काय घडले, हेही सांगायला हवे. कल्हई ही खर्चाची बाब होती. ती दर दोन-चार महिन्यांनी करावी लागे. जिथे ती परवडली नाही किंवा विसरली गेली, तिथे भांडे तेच राहिले आणि ज्ञान गळून पडले. आजच्या बाटलीचे अगदी तेच झाले आहे. शिवाय ती बाटली आतून घासता येत नाही. तोंड अरुंद, हात जात नाही, आत हिरवट पुट धरले तरी दिसत नाही. ज्या आजीचा हवाला आपण देतो तिने असले भांडे घरात घेतलेच नसते.

मराठीत पाणी पिण्याच्या भांड्याचे नावच ‘तांब्या’ आहे. आज घरातला तांब्या स्टीलचा असतो, सार्वजनिक समारंभात प्लास्टिकचाही असतो; धातू गेला, नाव राहिले. हे आम्ही ध्वनिविचाराच्या नव्हे, अर्थविचाराच्या तासाला दरवर्षी सांगतो आणि विद्यार्थी हसतात. ‘शुद्ध’ या शब्दाचे उलटे झाले आहे. तिथे शब्द तोच आहे आणि आतला अर्थ सोयीने बदलला जातो. ‘शुद्ध तांबे’ म्हणजे धातुशास्त्राच्या दृष्टीने दुसरा धातू न मिसळलेले तांबे. पण चिठ्ठी वाचणाऱ्याच्या मनात ‘शुद्ध’ म्हणजे पवित्र, आणि पवित्र म्हणजे निर्धोक, अशी साखळी तयार होते, आणि ती तयार व्हावी अशीच विक्रेत्याची इच्छा असते. वास्तविक आंबट सरबतापुरते बोलायचे तर तांबे जितके शुद्ध आणि जितके लखलखीत घासलेले, तितका सरबताचा त्याच्याशी संबंध थेट.

भांड्याच्या ‘शुद्धते’चा आपल्याकडचा इतिहास तर त्याहून कडू आहे. मातीचे मडके विटाळले की फोडायचे, धातूचे भांडे घासून-तापवून पुन्हा वापरायचे, हा नियम जिवाणूंसाठी केलेला नव्हता. तो माणसांसाठी केलेला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतण्याला ज्या भाषेत शुद्धीकरण म्हणता येते, त्या भाषेतला ‘शुद्ध’ हा शब्द बाटलीवर पाहिला की निदान मराठीच्या अध्यापकांनी तरी थबकावे. (‘बाटणे’ या क्रियापदाच्या भूतकाळातल्या स्त्रीलिंगी रूपाबद्दल येथे कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतो आहोत.)

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळू. ते तांब्याला हसतात. त्यांच्या बाटलीवर ‘बीपीए-मुक्त’ असे लिहिलेले असते आणि त्यांच्या मते तेवढ्याने प्रश्न मिटलेला असतो. ‘मुक्त’ हे उत्तरपद मराठी सार्वजनिक जीवनात किती स्वस्त झाले आहे, हे तंटामुक्त गावांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. ‘अमुक-मुक्त’ हा शब्द काय नाही ते सांगतो. काय आहे ते सांगत नाही. बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे घटकद्रव्य. त्याचा परिणाम स्त्रीसंप्रेरकासारखा होतो हे १९३६ सालीच दाखवून दिले गेले होते, आणि पॉलिकार्बोनेटचा शोध लागला १९५३ साली. म्हणजे शंका आधी आणि बाटली नंतर, असा हा क्रम आहे. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला बंदी घालायला २००८ सालच्या कॅनडाच्या घोषणेपर्यंत वाट पाहावी लागली. युरोपीय संघाने २०११ मध्ये ती बंदी घातली, अमेरिकेने २०१२ मध्ये.

‘सुरक्षित मर्यादा’ या शब्दांचेही तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली माणसाला दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४ मायक्रोग्रॅम बीपीए चालेल असे ठरवले होते. २०२३ साली त्याच संस्थेने ती मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजार पटींनी कमी! जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने या निष्कर्षाला जाहीर आक्षेप घेतला, तरीही डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत बीपीएला, संक्रमणकाळाची सवलत ठेवून, बंदी केली. आठ वर्षांत जो शब्द वीस हजार पटींनी आकसला, तो छापील चिठ्ठीवर मात्र जन्मभर तसाच राहतो. दरम्यान उद्योगाने बीपीएच्या जागी बीपीएस आणि बीपीएफ ही त्याची सख्खी भावंडे आणली. प्रयोगशाळेत त्यांचेही संप्रेरकसदृश गुण दिसलेले आहेत. ती ज्या बाटलीत असतील त्या बाटलीवरही ‘बीपीए-मुक्त’ लिहिता येते, आणि तसे लिहिणे खोटे नसते. सर्वच बीपीए-मुक्त प्लास्टिकांत ही भावंडे असतात असे मुळीच नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये बिस्फेनॉलचा संबंधच येत नाही. पण हे ‘मुक्त’ या शब्दावरून कळत नाही, प्लास्टिकचे नाव कळले तरच कळते.

ते नाव शोधायला बाटलीचा तळ पाहावा लागतो. तेथे त्रिकोणात एक ते सात यांपैकी एक आकडा असतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने तो पुनर्वापरासाठीचा कचरा वेगळा करता यावा म्हणून काढला. एक म्हणजे पेट, दोन म्हणजे घट्ट पॉलिथिलीन, पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सात म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही आले आणि त्याच्याशी काही संबंध नसलेलेही. तो गुणपत्रिकेतला क्रमांक नव्हे. तरीही ‘पाच नंबर चांगला, सात नंबर वाईट’ असे आम्ही पालकसभेत आमच्या कानांनी ऐकले आहे, आणि सांगणारे गृहस्थ रसायनशास्त्राचे होते.

आकडा वाचताना जे होते तेच वाक्य वाचतानाही होते. ॲल्युमिनियमच्या बाटलीला आतून लेप द्यावाच लागतो. तो नसेल तर आंबट पेय धातूला खाते. (पुन्हा कल्हई! फक्त कथलाच्या जागी राळ.) स्वित्झर्लंडच्या सिग या नामांकित कंपनीने २००९ साली मान्य केले की ऑगस्ट २००८ पूर्वी बनवलेल्या तिच्या बाटल्यांच्या लेपात अल्प प्रमाणात बीपीए होते. गिऱ्हाईक खवळले, कारण प्लास्टिकमधल्या बीपीएला भिऊनच त्यांनी या महाग बाटल्या घेतल्या होत्या. कंपनीचे आधीचे सांगणे असे होते की चाचण्यांत तिच्या बाटलीतून पाण्यात काही उतरत नाही. ‘उतरत नाही’ हे लोकांनी ‘नाही’ असे वाचले. क्रियापद गाळून वाचण्याची ही खोड साऱ्या जगाला आहे, एवढाच यातला दिलासा.

आणि स्टील? आम्ही स्वतः स्टील वापरतो, तेव्हा त्याचे गुणगान करण्याआधी त्याचीही हजेरी घेतलेली बरी. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेशी संयोग होऊन त्याचा एक अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. कल्हईवाल्याला न बोलावता होणारी कल्हई म्हणा ना. ज्याला ३०४ किंवा १८/८ म्हणतात त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. त्याचा गंजरोध उणा असतो. भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असे दाखवतात, ते निरर्थक आहे. ही दोन्ही स्टीले चुंबकाला सहसा दाद देत नाहीत. दुहेरी भिंतीच्या बाटलीत आतले स्टील एक आणि बाहेरचे दुसरे असू शकते, आणि तळाशी कोरलेला ३०४ हा आकडा कोणत्या भिंतीचा हे तो आकडा सांगत नाही. २०२३ साली केंद्र सरकारने तांबे, स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला; त्यासाठीचे भारतीय मानक १७८०३ या क्रमांकाचे आहे. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे हे उत्तम. मात्र स्टीलच्या बाटलीलाही झाकण प्लास्टिकचे असते, झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते, आणि त्या चकतीखाली काळी बुरशी धरते. आमच्या विभागातल्या सात बाटल्यांच्या चकत्या आम्ही एका दुपारी काढून पाहिल्या. चार काळ्या होत्या. त्यांतली एक ज्यांची होती ते सहकारी सूक्ष्म प्लास्टिककणांवर अर्धा तास बोलू शकतात.

काचेविषयी फार लिहिण्यासारखे नाही : तिच्यातून पाण्यात म्हणण्यासारखे काही उतरत नाही, लोणचे ठेवा, सरबत ठेवा, ती कळकू देत नाही, फक्त फुटते. घरी टेबलावर काचेची बाटली, कोपऱ्यात माठ, आणि प्रवासात रुंद तोंडाची, आतून रंग वा लेप नसलेली, एकेरी स्टीलची बाटली, तीही रोज चकती काढून धुतलेली आणि साध्या पाण्यासाठीच वापरलेली : आम्ही दोघे एवढे करतो. चर्चासत्रात मिळालेली बाटली कोणाकडे असेल तर तिने टाकून द्यावे असे काही केलेले नाही. पाणी ठेवा, रात्रभर ठेवा, सकाळी प्या, चिंचेने घासता येत असेल तर घासा. लिंबू, कोकम, ताक, दूध, आणि व्यायामशाळेतल्या मुलांचे ते रंगीत क्षारयुक्त पेय, यांतले काहीही तिच्यात नको.

आमच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी एसटीने येतात आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घरचे पाणी आणतात. ती बाटली पेटची असते. ती विष नाही. उन्हात तापलेल्या गाडीत दिवसचे दिवस ठेवली तर तिच्यातून अँटिमनी पाण्यात अधिक उतरते, चरे पडले की नीट धुतली जात नाही, गरम चहा ओतायला ती केलेलीच नाही. पण सकाळी भरून दुपारी रिकामी होणाऱ्या बाटलीबद्दल त्या मुलांना अपराधी वाटायला लावणारी व्याख्याने आमच्याच महाविद्यालयात झालेली आहेत. एका व्याख्यात्याने तर व्यासपीठावरून एका मुलीची बाटली उंच धरून दाखवली. त्या मुलीने पुढचे काही दिवस पाणीच आणले नाही. तिच्या हाती दीडशे रुपये असते तर तिने ते पुस्तकाला दिले असते, आणि आमच्या मते ते योग्यच होते. तिला सांगायचे ते एवढेच की बाटली उन्हात ठेवू नकोस, रोज धू, खरवडली की बदल. हे सांगायला व्यासपीठ लागत नाही.

भाषेच्या अध्यापकांनी धातू आणि प्लास्टिकावर कशाला लिहावे, असा प्रश्न आमच्याच एका मित्राने केला. आमचे उत्तर असे की त्या सकाळी पिंपापाशी जे घडले ते भाषेच्या अध्यापकाकडून घडले. एका बाईने नेमका, वेळेवर, कर्ता-कर्म-कारण यांसह इशारा दिला. ती जे बोलली ते आपल्याला सांगितले जात आहे, असे ऐकणाऱ्याला वाटलेच नाही; ते त्याला नमुना वाटले. त्याने शब्द घेतला आणि वाक्य सोडून दिले. ‘लोकज्ञाना’वर गेली पंधरा-वीस वर्षे आपल्या विद्यापीठांत जे प्रबंध लिहिले गेले, जी चर्चासत्रे झाली, त्यांतली कितीतरी याच जातीची आहेत : शब्दसूची परिशिष्टात, आणि शब्द बोलणारी बाई ऋणनिर्देशात. आमचे स्वतःचे प्रबंध याला अपवाद नाहीत. एकाच्या परिशिष्टात स्वयंपाकघरातले दोनशे बारा शब्द आहेत आणि त्यांतल्या एकाही शब्दापुढे तो कधी आणि कशासाठी वापरायचा हे नोंदवलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. आठ जणांची माहिती, कोणी काय आणि केव्हा प्यायले याचा तक्ता, सगळे जोडले. ‘सदर विषय संपुष्टात आला आहे’ अशा एका ओळीचे उत्तर आले. अडवलेली रक्कम बचत गटाला मिळाली की नाही हे विचारायला त्या मावशींना फोन केला. मिळाली नव्हती. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांचे काम शहरातल्या कोणा कंत्राटदाराला गेले आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही यावर कुठेतरी लिहिणार आहोत असे म्हणालो, तेव्हा त्या थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, “पैशाचं राहू दे सर. लिहाल तिथं सरबत ताजं होतं एवढं लिहा.”

सरबत ताजे होते.